हिरवं लुगडं आणि शेवटची रांग

आमच्या असोद्यात रडायचीसुद्धा एक रीत होती, आणि ती मला जमत नव्हती. कोणाकडे मयत झाली की परगावच्या बायका एसटीतून उतरायच्या, गावात शिरेपर्यंत आपसांत चांगल्या गप्पा मारायच्या, आणि त्या घराची गल्ली लागली की तोंडावर पदर ओढून एकदम हेल काढायच्या. "कुठी गेली व माझी माय, आता कोनाच्या दारात येऊ व..." हेल ऐकला की घरातल्या बायका आतून उत्तर द्यायच्या आणि शेजारणी हातातलं टाकून धावायच्या, कारण हेल एकटीला काढू द्यायचा नसतो. मग गळ्यात गळा घालून, सुरात, मेलेल्या बाईच्या एकेक गोष्टी निघायच्या. तिने कोणाच्या लग्नात पोळ्या लाटल्या, कोणाचं बाळंतपण काढलं, सगळं. जिच्याशी जन्मभर बांधावरून भांडण झालं तिच्यासाठीही तेवढंच रडायचं. सगळं आटोपलं की चूळ भरून चहा व्हायचा आणि यंदा केळीला भाव काय म्हणतो, हेही व्हायचं. शहरातल्या लोकांना ते ढोंग वाटतं. वाटू द्या. मी सगळं आयुष्य नाटकात घालवलं, ढोंग कशाला म्हणतात ते मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं.

त्या वर्षी आमच्या घरात मात्र कोणी मोठ्याने बोलतही नव्हतं. माझी माय खाटेवर होती. पोटात गाठ निघाली, जळगावला पोट उघडलं आणि तसंच शिवून घरी पाठवलं. म्हणजे काय ते आबांना, माझ्या वडिलांना, डॉक्टरांनी सांगितलं होतं. आबांनी ते कोणालाच सांगितलं नाही, आणि तरी ते सगळ्यांना माहीत होतं. काकू स्वयंपाकघरात भांडी आपटायची ती हळू ठेवायला लागली. एरवी आमच्याकडे भरीत म्हणजे गाजावाजा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी भांड्यात मिरच्यांबरोबर धपाधप ठेचायची, आणि कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी एकामागून एक तव्यावर. त्या दिवसांत काकू वांगी परसात नेऊन ठेचायची. मायला वास नको म्हणून नाही, तिला ते खाता येत नाही म्हणून. मायला ज्वारीची पातळ पेज. तीही ती दोन घोट घ्यायची आणि वाटी माझ्याकडे सरकवायची, "तू पी, वाया नको जायले." मला त्या घरात श्वास घेता येत नव्हता. हे मी सजवून सांगत नाही. रात्री उठून बसायचे आणि तोंडाने हवा ओढायचे.

आणि जळगावला नाटकाच्या वर्गात पहिल्याच दिवशी देसले सर म्हणाले, "मोठ्याने बोला." मला रडूच यायचं बाकी होतं. मला तिथे शैलाने ओढून नेलं होतं. शैला पिंपळनेरची, होस्टेलला राहणारी, कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसायची, आणि भीती हा शब्द तिला कोणी शिकवलाच नव्हता. कॉलेज सुटल्यावर वरच्या मजल्यावर वर्ग भरायचा आणि माझ्या शेवटच्या बसच्या आधी सुटायचा, म्हणून घरून चाललं. आम्हाला वाटलं, गेल्या गेल्या संवाद मिळतील, तोंडाला रंग लागेल. कसचं काय! सरांनी कितीतरी दिवस नुसतं उभं राहायला शिकवलं. हात लोंबते, गुडघे सैल, मान सरळ. "हातांचं काय करू सर?" असं विचारलं की म्हणायचे, "काही करू नकोस, ते तुझेच आहेत, पळून जात नाहीत." मग फरशीवर उताणं झोपवून पोटावर पुस्तक ठेवायला लावलं. श्वास घेतला की पुस्तक वर आलं पाहिजे, छाती नाही. आवाज गळ्यातून काढला की चिरतो, पोटातून काढला की पोचतो. "शेवटच्या रांगेत एक बहिरी म्हातारी बसलीय," सर म्हणायचे, "ती तिकीट काढून आलीय. तिच्यासाठी बोला. पहिल्या रांगेतले फुकट पास घेऊन आलेले असतात, त्यांची काळजी करू नका."

आता मी स्वतः नव्या मुलांना हेच शिकवते. परवा एक मुलगी पहिल्याच तासाला म्हणाली, "मॅडम, रडायची टेक्निक आधी घ्या ना, रील करायचीय." म्हटलं, बाई, आधी उभी राहा.

जे शिकायचे ते घरी येऊन मायला सांगायचे. तिच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. बरं वाटतं का, असं विचारायची सोय नव्हती. मी तिला सांगितलं की रंगमंचाचे नऊ भाग असतात. प्रेक्षकांच्या जवळचा तो खालचा, लांबचा तो वरचा, आणि डावं-उजवं धरायचं ते नटाचं, बघणाऱ्याचं नाही. मधल्या खोलीच्या फरशीवर खडूने चौकोन आखून दाखवले. "माय, तू आत्ता वर उजवीकडे हायेस. तिथलं मानूस लवकर दिसत नाही."

"मी खाटेवर हाये," माय म्हणाली. "आन् मी सगळ्याइले दिसते. दिसते म्हनूनच सगळे खाली पाह्यतात."

क्यू म्हणजे काय तेही सांगितलं. समोरच्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द. तो कानावर पडला की आपण सुरू करायचं, आधी नाही, नंतर नाही. मायला ते फार आवडलं. मग तिचा खेळच झाला. काकू आतून "चहा ठेवला व" म्हणाली की माय मला खुणावायची, "तुहा क्यू." तिला हसताना टाके ओढायचे, म्हणून पोटावर उशी दाबून हसायची.

मग धुळ्याच्या एकांकिका स्पर्धेचं ठरलं. आमच्या एकांकिकेत एका बाईचा नवरा गाळ काढायला विहिरीत उतरतो आणि वर येत नाही. ती बाई काठावर बसून रडते, आणि शेवटी ती काठावरून उठते की नाही, एवढंच नाटक. ती भूमिका आधी दुसऱ्या मुलीची होती. तिचं लग्न ठरलं, ती गेली, आणि सरांनी माझ्याकडे बोट केलं. का केलं ते मला आजही कळलेलं नाही. मला मात्र ती भूमिका हवी होती, अशी हवी होती की तेव्हा दुसरं काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं. जळगावची ती वरची खोली एकच जागा होती जिथे मला मोठा आवाज काढायची परवानगी होती. पण रडायचा प्रसंग आला की माझा घसा बंद. "हे रडणं आहे की शिंक?" सर म्हणायचे. पोरं हसायची. सर एकदा चिडून म्हणाले, "तुमच्या गावाकडे बायका कशा रडतात, ते आण. शब्द मी देणार नाही, तुझे आण. आणि काहीतरी स्वतःचं दुःख आठव." बाकी सगळं करायला तयार होते मी, पण ते आठवायचं नव्हतं. ते आठवलं असतं तर बसमध्ये बसून घरी जाण्याचं बळ कुठून आणलं असतं?

म्हणून एका दुपारी, सगळे शेतात आणि काकू परसात वांगी भाजत असताना, मी गोठ्यात गेले. ओढणी डोक्यावरून पुढे ओढली. पोटात श्वास भरला. बहिरी म्हातारी डोळ्यांपुढे आणली आणि विहिरीतल्या त्या कधी न पाहिलेल्या नवऱ्यासाठी हेल काढला. आणि काय सांगू, आला! असा आला की बांधलेली म्हैस दचकून उभी राहिली. मी खूश झाले, पुन्हा काढला, त्याहून लांब. पोटावरचं पुस्तक, सरांची म्हातारी, सगळं एकदम जागेवर बसलं होतं.

तिसऱ्या वेळी थांबले, तर माझा आवाज थांबला नव्हता. तो पुढच्या दारातून येत होता. खूप बायकांचा. मला पहिलं जे वाटलं ते हे, की माय गेली. मी इकडे खोटं रडत होते आणि तिकडे ती खरंच गेली, माझ्या हेलानेच गेली. गोठ्यापासून मधल्या खोलीपर्यंत मी कशी गेले ते मला आठवत नाही. उंबऱ्याशी पाहते तर शेजारची, भावकीतली सुपडूअक्का, कोपरापर्यंत पीठ लागलेले हात घेऊन, डोळे मिटून खाटेसमोर बसलेली. "माझी सोन्यासारखी जाऊ व, भरल्या घरातून कशी उठली व..." तिच्या मागे अर्धी गल्ली पदर ओढून. आणि खाटेवर माय कोपरावर टेकून अर्धी उठलेली, भेदरलेली, एकेकीच्या तोंडाकडे बघत विचारते आहे, "कोन गेलं व? अव अक्का, कोन गेलं? मले कोनी सांगत काहून नाही?"

सुपडूअक्काने डोळे उघडले. हेल अर्धाच राहिला. मग ती जी किंचाळली, तसं मी नंतर कुठल्याच रंगमंचावर ऐकलं नाही.

आज मी हे सांगते तेव्हा मुलं खुर्चीवरून पडतात हसून. पडू देते. त्या दिवशी कोणी हसलं नाही. आमच्या घरून हेल ऐकू येण्याची वाट सगळी गल्लीच बघत होती, कोणी बोलत नव्हतं एवढंच. म्हणून कोणाला खात्री करून घ्यावीशी वाटली नाही. तोवर एक जण लुनावरून आबांना आणायला शेतात गेला होता आणि दुसऱ्याने किराणा दुकानातून फैजपूरला, मायच्या माहेरी, फोन लावला होता. आबा चिखलाच्या पायांनी धावत आले, मायला पाहून दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि तिथेच खाली बसले. फैजपूरचा फोन मात्र परत कोणी लावला नाही. गोंधळात प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने लावला असेल.

दिवस कलायच्या आत गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि मामीचा हेल ऐकू आला. या वेळी उत्तर द्यायला कोणी धजेना. नानामामा पुढे आले. माझ्या मायचे थोरले भाऊ, मोठा तालेवार माणूस, सबंध फैजपुरात कोणाला न दबणारा. त्यांच्या दोन्ही हातांवर हिरवं लुगडं होतं. सवाष्ण बाई गेली की तिला माहेरचं हिरवं लुगडं नेसवून काढतात, आणि ते भावाने आणायचं असतं. नाना ते घेऊन उंबऱ्याच्या आत आले आणि बहीण खाटेवर बसून त्यांच्याकडे बघत होती.

"ये नाना," माय म्हणाली. "बस."

नाना बसले नाहीत. लुगडं हातांवर तसंच धरून उभे राहिले. कोणीतरी चाचरत माझं नाव घेतलं. मग त्यांचा बांध फुटला. "जित्या बहिनीचं लुगडं घिऊन आलो मी! रस्ताभर मी तिले जाळत आलो! कोनतं नाटक? कशाचं नाटक? आबा, ह्या पोरीले घरात कोंडा, नाहीतर मी घिऊन जातो फैजपूरले!" आबा मान खाली घालून म्हणाले, "नाटक बंद. आजपासून बंद." मी कोपऱ्यात उभी होते. हातांचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

नाना लुगडं परत न्यायला निघाले तेव्हा मामीने त्यांना अडवलं. असं लुगडं दारातून परत नेत नाहीत. ठेवावं तर ते तरी कोणाच्या घरात, जित्या बाईच्या उशाशी? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा मायने हात पुढे केला. "आन इकडे. चांगलं निवडलं रे नाना. कोनी निवडलं, वहिनीनं? मेल्यावर मले आरसा कोन दाखवनार हाये?" तिने ते उलगडून मांडीवर पसरलं आणि काठावरून हात फिरवत बसली. नाना बाहेर जाऊन ओट्यावर लहान पोरासारखे रडले. बिनहेलाचे.

सगळे गेल्यावर मायने मला जवळ बोलावलं. "खरं सांग. माझ्यासाठी रडत होती का?"

"नाही माय. विहिरीतल्या मानसासाठी."

"तेच म्हटलं. म्हनून मले कळलं नाही. मले वाटलं, कोनीतरी दुसरंच गेलं." मग म्हणाली, "एकदा माझ्यासाठी काढ. सगळी गल्ली आयकनार, फैजपूर आयकनार, मीच तेवढी नाही आयकनार. मेल्यावर मले थोडंच आयकू येनार हाये? मी आयकलं की तू धुळ्याले जाय. आबाले मी पाह्यते."

लोकहो, मी मोठमोठ्या परीक्षकांसमोर उभी राहिले आहे, पण अशी परीक्षा कोणी घेतली नाही. मी रोज खाटेसमोर उभी राहायचे. गुडघे सैल, श्वास पोटात, आणि तोंडातून हवा. माय वाट बघायची, मग डोळे मिटायची. "राहू दे. उद्या." आणि उद्या किती आहेत ते तिच्या मनगटाकडे बघून कळत होतं. सरांनी निरोप धाडला, येते की नाही ते सांग, नाहीतर एकांकिका मागे घेतो. शैला सरांना निघायच्या दिवसापर्यंत थांबायला लावून स्वतः असोद्याला आली. मी तिच्या गळ्यात पडून म्हटलं, मला जमत नाही गं, ती समोर असते. शैला तिच्या अहिराणीत म्हणाली, "समोर बठ्ठा अंधार शे असं मान. कोनीच दिखस नही." पण माझ्यासमोर अंधार नव्हता. दोन डोळे होते, आशेने लावलेले. वरून मला लाज वाटत होती, की हे मी तिच्यासाठी करते आहे की धुळ्यासाठी? रात्र रात्र मी हेच कुरतडत बसायचे. देवाला म्हणायचे, एकतर माझा गळा उघड, नाहीतर मलाच ने.

धुळ्याला निघायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मायच म्हणाली, "घरात उभी राहून कशी रडशील? घरातल्या बाया उत्तर देतात. लेकी बाहेरून येतात. जाय, गल्लीच्या तोंडाशी जाय आन् ये." सुपडूअक्काला तिने आधीच बोलावून सांगितलं होतं, आज रडणं ऐकू आलं तर धावू नका, मी अजून हाये.

मी गल्लीच्या तोंडाशी गेले. बस उभी राहायची तिथवर. ओढणी ओढली आणि वळले. ओढणीआडून आमचं दार दिसत होतं, आणि त्या दाराच्या आत, सगळ्यात लांब, वर उजवीकडे, तिची खाट. शेवटची रांग. तिथेच मला कळलं की एक दिवस मी अशीच बसमधून उतरेन आणि त्या खाटेवर कोणी नसेल. आणि माझा गळा उघडला. "माय व... आता कोनाले सांगू व वर्गातलं... खडूचे चौकोन कोनासाठी आखू व माय... तुझ्या हातची पातळ भाकर व..."

"जाड!" आतून मायचा आवाज आला, चिरका, पण पोटातून काढलेला. "माझी भाकर जाड असते, पातळ काकूची!"

"जाड भाकर व माय..." मी रडतच बदललं. अख्ख्या गल्लीत बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. धावायचं नाही म्हणून उंबऱ्याला धरून उभ्या होत्या, पण पदर सगळ्यांनी तोंडावर ओढलेले. मी मायपर्यंत पोचले आणि खाटेशी कोसळले. तेव्हा मायने रीतीप्रमाणे माझ्या गळ्यात हात घातला आणि उत्तर दिलं. "आली व माझी लेक... कोन देईल व तुले पेज..." आम्ही दोघी तिच्या मरणावर, ती असताना, पोटभर रडलो. मग तिने पदराने माझं तोंड पुसलं, पाणी मागवलं आणि म्हणाली, "चहा ठेवायले सांग. जाय आता धुळ्याले. आन् हे लुगडं ने. तुह्या विहिरीवरची बाई, मानूस निघत नाही तोवर, सवाष्णच हाये ना? मग नेस. माझं मी नेसीन तेव्हा नेसीन, तोवर घडीत पडून काय करायचं त्याले?"

आबा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. सकाळी त्यांनीच मला बसस्टँडवर सोडलं.

धुळ्याला आम्हाला बक्षीस मिळालं नाही. मला एक थेंबही आला नाही डोळ्यात. ते सगळं मी असोद्याला सांडून आले होते. पण सर शेवटच्या रांगेत जाऊन बसले होते आणि पडदा पडल्यावर एवढंच म्हणाले, "पोचला." घरी आल्यावर मायने पहिलं तेच विचारलं. "पोचला," मी सांगितलं. ती उशी न दाबता हसली.

कपाशी वेचून संपत आली तेव्हा माय गेली, पहाटे, कोणालाही क्यू न देता. फैजपूरहून नाना आले. हात रिकामे होते, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. बायकांनी मायला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, आणि सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. पहिला हेल लेकीने काढायचा. सुपडूअक्का म्हणाली, "काढ व पोरी, मोकळी हो." मी तोंड उघडलं नाही. मागून कोणीतरी कुजबुजलं, "नाटकातली ना ती, तिले खरं रडू कसं येनार?" म्हणू द्या, म्हटलं. जिच्यासाठी काढायचा तिने तो ऐकला होता, चूक दुरुस्त करून ऐकला होता. मी तिच्या उशाशी बसले. पदर सारखा करताना दिसलं, काठाशी धुळ्याच्या नाटकातला रंग लागलेला होता, माझ्या मानेचा. मी तो पदर तेवढा आत दुमडला आणि हात तिच्या छातीवर तसाच राहू दिला.